ओव्हरक्लॉकिंगनंतर कोअरच्या तापमानात 14 अंशांची तफावत

प्रश्न: माझा सहा कोअरचा (म्हणजे सहा स्वतंत्र गणन-भागांचा) प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने, 4.8 गिगाहर्ट्झवर 1.3 व्होल्ट देऊन चालवला असता, पूर्ण भाराखाली एक कोअर 88 अंशांवर जातो, तर कडेचा 74 वरच राहतो. कूलरमध्ये दोष असावा का?

प्रतिसाद 1: आधी आयडल, म्हणजे प्रोसेसरवर काम नसतानाच्या, तापमानांकडे दुर्लक्ष करा. कोअरमधला सेन्सर कमाल तापमान-मर्यादेपासूनचे अंतर मोजतो, त्यामुळे मर्यादेजवळचे आकडे त्यातल्या त्यात विश्वासार्ह आणि खालचे ढोबळ असतात. शिवाय मधल्या कोअरला दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची उष्णता सोसावी लागते, म्हणून पाच-सात अंशांचा फरक स्वाभाविकच आहे. 14 मात्र जास्त वाटतो.

प्रतिसाद 2: कूलर काढून पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावलेल्या उष्णतावाहक लेपाचा) ठसा पाहा. एका कोपऱ्यात पेस्ट जाड राहिली असेल, तर स्क्रू कर्णरेषेत, थोडे-थोडे आवळून बसवा. त्यानंतरही तोच कोअर तापत असेल, तर दोष बहुधा प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली आहे. इंटेलच्या आठव्या पिढीतील डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये चिप आणि झाकण यांच्यामध्ये सोल्डर (वितळवून जोडलेला, उष्णता चांगली वाहणारा धातू) नसून पेस्टच असे. 2018 च्या कोअर आय9-9900के मध्ये सोल्डर परतले. झाकण काढून द्रवधातू भरणारे पुष्कळ आहेत, पण त्याने वॉरंटी जाते आणि द्रवधातू विद्युतवाहक असल्यामुळे सांडला तर मदरबोर्डही जातो. माझ्या मते त्याऐवजी व्होल्टेज 0.05 ने उतरवून स्थैर्य तपासावे.

प्रश्नकर्ता: ठसा पाहिला, एका कडेला पेस्ट खरोखरच जाड होती. नव्याने बसवल्यावर फरक 8 अंशांवर आला आहे.