शेळीच्या आतड्याच्या अभिस्तर (आतल्या अस्तराच्या) पेशींतील सोडियम, पोटॅशियम आणि पाणी मोजण्याबाबत सल्ला हवा आहे

धागाकर्ती, सोलापूर
नमस्कार. मी प्राणिशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी पहाटे खाटकाकडून शेळीचे लहान आतडे बर्फात आणते, आतला थर खरवडून घेते आणि ओले वजन, कोरडे वजन व फ्लेम फोटोमीटर (ज्योतीच्या प्रकाशावरून सोडियम-पोटॅशियम मोजणारे यंत्र) यांवरून पेशींतील पाणी आणि आयन काढते. पोटॅशियमचे आकडे स्थिर येतात. सोडियमचे मात्र एकाच आतड्याच्या दोन नमुन्यांत जवळजवळ दीडपट फरकाने येतात. पेशीबाह्य पाणी इन्युलिनने (पेशीत न शिरणाऱ्या शर्करेने) मोजते. चूक कुठे होत असावी?

प्रतिसाद 1
यंत्रावर संशय घेण्याआधी एकूण सोडियममधून पेशीबाहेरचे वगळण्याची वजाबाकी तपासा. समजा 100 मिलिग्रॅम ओल्या नमुन्यात 80 मायक्रोलिटर पाणी आहे आणि त्यातले 30 पेशीबाहेरचे आहे. बाहेरच्या द्रावात सोडियम लिटरला 140 मिलिमोल आणि पेशीत 15 धरले, तर एकूण 4.95 मायक्रोमोल सोडियमपैकी 4.2 बाहेरचेच असते. इन्युलिनने 30 ऐवजी 27 दाखवले, तर पेशीतील सोडियमचे उत्तर 15 वरून थेट 22 वर जाते. पोटॅशियम मात्र बहुतांश पेशीतच असल्यामुळे 130 चे फार तर 123 होते. म्हणजे तुमच्या पोटॅशियमची स्थिरता ही मोजणी अचूक असल्याची खूण नव्हे. इन्युलिन पुरेसा वेळ मुरू द्या आणि तो रिसॉर्सिनॉल या रंग देणाऱ्या अभिकर्मकाने मोजा, कारण अँथ्रोन हा दुसरा अभिकर्मक ग्लुकोजलाही रंग देतो.

प्रतिसाद 2
वरील हिशेबाशी सहमत आहे, परंतु माझ्या मते दोष त्याही आधी, बर्फातच आहे. थंडीत सोडियम-पोटॅशियम पंप (पेशीतून सोडियम बाहेर काढून पोटॅशियम आत घेणारे प्रथिन) मंदावतो, सोडियम पेशीत झिरपते आणि पोटॅशियम बाहेर पडते. त्यामुळे प्रयोगशाळेत आल्यावर ऊती 37 अंशांच्या, ऑक्सिजन सोडलेल्या द्रावात काही काळ ठेवून सावरू द्यावी लागते. काही नमुन्यांत वाबेन (हा पंप बंद पाडणारे रसायन) घालून पाहा. पंप चालू असेल, तर सोडियम वाढून पोटॅशियम घटलेले दिसेल. काहीच बदलले नाही, तर त्या पेशी आधीच गेलेल्या आहेत.

दुसरे म्हणजे आपल्याकडचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत सोलापुरात पंख्याखाली वजन करणे म्हणजे नमुना वाळत घालणेच होय. टिपकागदाने टिपताच नमुना आधी तोललेल्या, झाकणाच्या कुपीत टाका आणि पंखा बंद ठेवा, मग घामाघूम व्हावे लागले तरी चालेल. सुकवणे 105 अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत करा. आयन काढण्यासाठी 0.1 नॉर्मल नायट्रिक आम्लात रात्रभर ठेवा, पण प्लॅस्टिकच्या कुप्यांत. काचेतून सोडियम सुटते.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. कुप्या काचेच्याच होत्या आणि ऊतीला सावरण्यासाठी मी वेळच दिला नव्हता. सोमवारी वाबेनसह आणि वाबेनशिवाय असे सहा-सहा नमुने लावते आणि आकडे इथेच देते.

प्रतिसाद 1
त्यासोबत ऊती न घातलेल्या नायट्रिक आम्लाच्या दोन कुप्याही ठेवा. आम्लाचे आणि कुपीचे स्वतःचे सोडियम किती, ते त्यांवरून वजा करता येईल.