शेजारी तेवढेच, तरी रेडिओ नेटवर्कमध्ये मेसेज मध्येच का मरतो?

रानपाखरू:
एमटेकच्या प्रोजेक्टसाठी माहिती कशी पसरते याचं सिम्युलेशन करतेय. साथरोगांचं एसआयआर मॉडेल घेतलंय: ज्याला बातमी ठाऊक नाही तो, पसरवणारा आणि गप्प झालेला. नोड (म्हणजे नेटवर्कमधली उपकरणं) १०००, प्रत्येकाचे शेजारी सरासरी ३. जोडण्या रँडम केल्या की मेसेज बहुतेकांपर्यंत जातो. तेच नोड चौकोनात विखरून फक्त रेंजमधले जोडले, की तो सुरुवातीच्या नोडभोवतीच घुटमळतो. पुढे पाठवण्याची शक्यता १ ठेवली तरी तेच. असं का?

अँटेनावाला:
शक्यता १ ठेवून पाहिलंत ते उत्तम. आता प्रसाराच्या नियमावर संशय नको, गोम ग्राफमध्येच, म्हणजे कोण कुणाला जोडलंय त्या जाळ्यातच आहे.

तुमच्या रेडिओ ग्राफमधला कुठलाही नोड घ्या आणि त्याचे दोन शेजारी उचला. ते एकमेकांच्याही रेंजमध्ये असण्याची शक्यता जवळपास ५९ टक्के असते. रँडम ग्राफमध्ये तीच ०.३ टक्के. म्हणजे रेडिओत बऱ्याच जोडण्या ज्यांना आधीच कळलंय त्यांनाच पुन्हा सांगण्यात जातात. रँडम ग्राफमध्ये शेजाऱ्यांची सरासरी १ च्या वर गेली की मोठा जोडलेला तुकडा तयार होतो आणि ३ ला त्यात साधारण ९४ टक्के नोड येतात. सपाटीवर विखुरलेल्या नोडसाठी हाच उंबरठा सुमारे ४.५ आहे. तुम्ही त्याच्या खाली आहात, त्यामुळे नेटवर्क मुळातच बेटाबेटांत तुटलंय. एकही नोड सुटायला नको असेल तर सरासरी नोडसंख्येच्या नैसर्गिक लॉगच्या आसपास लागते. १००० नोडला ७ धरा, कडेच्या नोडमुळे थोडी जास्तच.

पण नुसती रेंज वाढवून थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती. हवा सगळ्यांची एकच असते. ऐकलेलं प्रत्येकाने लगेच पुन्हा पाठवलं की पॅकेट एकमेकांवर आदळतात आणि कुणालाच काही नीट मिळत नाही. याला ब्रॉडकास्ट स्टॉर्म म्हणतात. तुमच्या मॉडेलमध्ये ही टक्कर कुठेच नाही, आणि रेडिओचं खरं दुखणं तिथेच आहे.

रानपाखरू:
टक्कर धरली तर गप्प होण्याचा नियमही बदलावा लागेल ना? सध्या ठरावीक दराने गप्प होतात.

अँटेनावाला:
हो, बदलाच. आजार आपोआप बरा होतो, बातमी सांगणारा तसा गप्प होत नाही. डेली आणि केंडल यांच्या १९६४ च्या अफवेच्या मॉडेलमध्ये, ज्याला सांगायला जावं त्याला आधीच ठाऊक असेल तर सांगणारा थांबतो. त्यात सगळे सगळ्यांना भेटू शकतात, तरी शेवटी सुमारे २० टक्के लोकांना काही कळतच नाही. सेन्सरसाठी ट्रिकल अल्गोरिदम बघा. तोच मेसेज ठरलेल्या वेळा कानावर आला की नोड त्या फेरीत गप्प बसतो, पुढची फेरी दुप्पट लांब करतो, आणि नवीन काही आलं की फेरी पुन्हा छोटी. इथे गप्प बसणं कायमचं नसतं, म्हणून सुटलेल्यांना नंतर मिळतं.

शून्य_ते_अनंत:
एखाद्याचे दोन शेजारी एकमेकांनाही जोडलेले असले की त्रिकोण होतो; वर वाया गेलेल्या अशा त्रिकोणांबद्दल थोडं. माणसांच्या नेटवर्कमध्ये नुसती बातमी असेल तर ते वायाच. पण नवी सवय किंवा जोखमीचा निर्णय माणूस एकाचं ऐकून घेत नाही, दोघातिघांकडून खात्री झाली की घेतो. सेंटोला आणि मेसी यांनी २००७ मध्ये हे दाखवलं: अशा गोष्टी त्रिकोणांच्या जाळ्यातून पुढे सरकतात आणि लांबच्या एकेकट्या दुव्यावर अडतात. तेव्हा सोशल नेटवर्कही घेणार असाल तर नेमकं काय पसरतंय ते आधी ठरवा, मग एसआयआर की थ्रेशोल्ड (ठरावीक जणांकडून ऐकल्यावरच पटतं असं मॉडेल) ते निवडा.