प्रबंध मराठीत लिहू की इंग्रजीत? (समाजशास्त्र, विषय ऊसतोड)

सावली_मराठवाडा
नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर समाजशास्त्र शिकवते, सेट झालंय, पीएचडीचं कोर्सवर्क संपत आलंय. विषय ऊसतोडीला जाणाऱ्या बायका आणि उचल, म्हणजे सीझनआधी हातात मिळणारे पैसे. फिल्डवर्क बीडमधल्या गावांत आणि मग सीझनला त्या जिथे जातात तिथे, म्हणजे कोल्हापूर-सांगलीकडच्या फडात. आता गाइड सर विचारतायत प्रबंध कुठल्या भाषेत. आमच्याकडे मराठी चालतं, सर म्हणतात तू ठरव, पण चेहऱ्यावरून वाटतं इंग्रजीच हवंय त्यांना. माझं इंग्रजी वाचायला बरं आहे, लिहायला बसलं की एका पानाला दोन दिवस जातात. मैत्रीण म्हणते मराठीत लिहिलंस तर जन्मभर तासिकेवरच राहशील. खरंय का हे? ज्यांनी स्वतः लिहिलाय त्यांनी सांगा प्लीज.

खडू_फळा
मी इंग्रजीत लिहिला, म्हणून बोलतो. नोकरीचं आधी. सहायक प्राध्यापकाला जुलै 2023 पासून नेट किंवा सेट पुरतं, पीएचडी ऐच्छिक आहे, आणि प्रबंध कुठल्या भाषेत हे मला तरी मुलाखतीत कुणी विचारलं नाही, जागाच निघत नाहीत हा खरा प्रॉब्लेम. पण पुढे राज्याबाहेर जायचं, पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचा असेल तर इंग्रजी लागणारच. अजून एक, बाहेरचे परीक्षक किमान दोन लागतात, मराठीत लिहिलंत तर दोघंही मराठी वाचणारेच शोधावे लागणार आणि त्यातले निम्मे तुमच्या सरांचे मित्र निघणार 😀 फायदा की तोटा ते तुम्ही बघा.

जुना_मास्तर
ताई, मी एकदा एका प्रबंधात ‘अर्धा कोयता’चं ‘हाफ सिकल’ झालेलं वाचलंय. खाली टीप नाही, काही नाही. आता कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा मध्यस्थ, उचल देतो ती जोडीला देतो, एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. ह्या एका शब्दात तुमचा अर्धा विषय आहे, बाईची मजुरी वेगळी मोजलीच जात नाही, पैसे नवऱ्याच्या हातात पडतात, आणि कोयता पुरा व्हावा म्हणून पोरींची लग्नं लवकर उरकतात. उचलीचंही तेच. त्याला ‘ॲडव्हान्स’ म्हटलं की वाटतं पगार जरा आधी दिला. इथे तर सीझन संपला तरी ती फिटत नाही, पुढच्या साली अंगावरच राहते, आणि त्याच मुकादमाकडे परत जावं लागतं. इंग्रजीत हे लिहिता येत नाही असं नाही, पण प्रत्येक शब्दाला अर्धं पान द्यावं लागतं आणि ते द्यायची तयारी लोकांची नसते. मालवणच्या गो. स. घुर्यांनी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र उभं केलं ते इंग्रजीत, इरावतीबाई कर्वे दोन्हीत लिहीत होत्या. आपण इरावतीबाईंची सवय सोडली आणि नुसतं इंग्रजीचं दडपण ठेवलं.

कोरडवाहू
मास्तरांशी सहमत, पण एक भीती सांगते. मराठी प्रबंध म्हणून शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, जे दिसतं ते बऱ्याचदा मराठी नसतंच, ‘प्रस्तुत संशोधनाच्या अनुषंगाने सदर बाबीचे विश्लेषण करण्यात आलेले आहे’ असलं काहीतरी असतं. जीआरच्या भाषेत लिहायचं असेल तर बाई तू इंग्रजीतच लिही, तेवढंच परक्यासारखं वाटेल.

सावली_मराठवाडा
@कोरडवाहू अहो हसले आणि घाबरले पण, माझा सिनॉप्सिस अगदी तसाच आहे 🙈 पण थिअरीचं काय करायचं? ‘एजन्सी’ला, म्हणजे माणसाच्या स्वतः ठरवून काही करण्याच्या क्षमतेला, मराठीत काय म्हणू?

कोरडवाहू
‘कर्तेपण’ म्हणतात लोक, मला आवडतो शब्द, गावात ‘घरातला कर्ता’ असतो तो पुरुषच असतो, म्हणजे ऊसतोडीच्या बाईबद्दल कर्तेपण म्हणायला लागलीस की वाद तिथल्या तिथे सुरू होतो. इंग्रजीत हे होणार नाही. आणि जिथे शब्द सापडत नाही तिथे सरळ ‘एजन्सी’ लिही, कुणी फाशी देत नाही.

खडू_फळा
माझा सल्ला, मुख्य प्रबंध मराठीत आणि त्यातली दोन प्रकरणं नंतर इंग्रजीत पेपर म्हणून. यूजीसीच्या 2022च्या नियमांत प्रबंधाआधी पेपर छापायची सक्ती राहिली नाही, तरी तुमच्या विद्यापीठानं स्वतःचं काही ठेवलंय का ते ऑफिसात विचारा, तोंडी नको, लेखी घ्या. आणि टेप उतरवताना बायका बोलल्या तसंच ठेवा, ‘न्हाई’चं ‘नाही’ करत बसू नका.

सावली_मराठवाडा
‘न्हाई’चं ‘नाही’ केलंय मी आधीच, अकरा मुलाखतींत 😭 टेप आहेत, परत ऐकते. सोमवारी सरांना भेटायचंय, उचलीवरची दोन पानं दोन्ही भाषांत लिहून नेते आणि न बोलता समोर ठेवते.

जुना_मास्तर
मराठीचं पान वर ठेव.