नकाशा भरा, नावे द्या : शाळेतल्या भूगोलाचे तुमचे अनुभव

रामबागवाली
आईच्या स्वयंपाकघरातले खण रिकामे करतेय चार दिवस. घर दुरुस्तीला काढलंय. डब्यांखाली आई जुने कागद पसरायची, कॅलेंडरं, वर्तमानपत्रं, जे हाताला लागेल ते. तिसऱ्या खणात तेलाच्या बरणीखालून निघाला माझा नववीतला भारताच्या नद्यांचा नकाशा. कोपऱ्यात तारीख, १९८७ ची. बरणीच्या बुडाचा गोल डाग पडलाय आणि अख्खी नर्मदा त्या डागात. ओट्याला टेकून तिथेच बसून राहिले मी.

आमच्या भूगोलाच्या बाईंचे नियम होते. नदी उगमापासून काढायची, मुखाकडून उलटी नाही. सुरुवातीला पेन्सिल नुसती टेकवायची, मग दाब वाढवत न्यायचा, कारण नदी वाटेत पाणी गोळा करत जाते. नाव नदीच्या वळणाने लिहायचं. शहर ज्या काठावर आहे त्याच काठावर ठिपका. मी नर्मदा अमरकंटकपासून भडोचपर्यंत एकाच जाडीची काढली होती. शेजारी लाल शाईत बाईंचं अक्षर आहे, ‘हा कालवा झाला.’

एकदा पावसाळ्यात बाई तांब्या घेऊन आल्या. आम्हाला पटांगणात नेलं, तांब्या उपडा केला आणि विचारलं, हे पाणी कुठल्या समुद्राला मिळणार? सगळ्या एका सुरात, अरबी! नर्मदा जवळ, मुंबई जवळ, दुसरं काही सुचलंच नाही. बाई काही बोलल्या नाहीत. वर्गात आणून नकाशावर बोट ठेवायला लावलं. आपली इंदूरची खान नदी (आता कान्ह म्हणतात) जाते उत्तरेला, शिप्रेत. शिप्रा उज्जैनवरून चंबळेत, चंबळ यमुनेत, यमुना गंगेत. बोट जाऊन पडलं बंगालच्या उपसागरात. आणि तिकडे महूच्या पुढे पातालपानीला पडणारं पाणी चोरल नदीतून नर्मदेला, म्हणजे अरबी समुद्राला. मध्ये फक्त विंध्याची कड. त्या दिवसापर्यंत माझ्यासाठी नकाशा म्हणजे दहा मार्क होते.

तुमच्याही असतील अशा आठवणी. लिहा ना.

माळवी माणूस
साचा!! भारताचा नकाशा काढायचा, हिरवा, प्लास्टिकचा. आमच्या वर्गात तीन साचे आणि बेचाळीस मुलं. त्यातल्या एकाचं कच्छचं टोक मोडलेलं होतं. ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्यांचा भारत डावीकडे बोथट. सर वह्या हातात घेऊन कच्छ बघायचे आणि सांगायचे, तू याचा साचा घेतलास, तू पण, तू पण. आमच्या साच्यात अंदमान नव्हतं, लक्षद्वीप नव्हतं. ते हाताने ठिपके द्यायचे. मी बरेचदा विसरायचो. पुढे नोकरीत पोर्ट ब्लेअरला दोन वर्षं काढली तेव्हा रोज आठवायचं, हे मी सोडून द्यायचो.

दोन लेकरांची आई
कुकर लावलाय, नंतर येते. विषय: कर्कवृत्त. विसरू देऊ नका कोणी.

सुदामानगरचा
रामबागवाली ताई, तुमच्या तांब्याची गोष्ट काल मुलाला सांगितली, सातवीत आहे. त्याने विचारलं, तांब्यात पाणी कुठलं होतं? नळाचं ना? मग ते नर्मदेचं!

बरोबर आहे त्याचं. इंदूरला नर्मदेचं पाणी येतं ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, पंपांनी विंध्य चढवून. आपण पितो, आंघोळी करतो, आणि ते वाहून जातं खान नदीत. म्हणजे अरबी समुद्राकडे निघालेलं पाणी आपल्या घरातून वळून गंगेला चाललंय. २०१४ पासून तर उज्जैनी गावाजवळ नर्मदेचं पाणी थेट शिप्रेत सोडतात. मुलगा म्हणाला, बाबा, ही नदी नकाशात कुठल्या रंगाने काढायची? मी पाण्याच्याच खात्यात नोकरी केली, पण हे कधी असं कागदावर मांडून पाहिलं नव्हतं. रात्री दोघांनी बसून काढली. तुटक निळी रेघ, आणि बाण चढाच्या दिशेने.

रामबागवाली
@सुदामानगरचा, मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. बाई असत्या तर त्याला पुढच्या बाकावर बसवलं असतं.

मांडवीजवळची
बडोद्याहून. आमच्याकडे तीन भाषांचा गोंधळ. शाळेत गुजराती, नकशापोथी (ॲटलास). घरी आजोबा मराठीत शिकवायचे, अक्षवृत्त, रेखावृत्त. आणि इंदूरच्या मावसभावाचं हिंदीत देशांतर, म्हणजे रेखांश. मी सहावीत असताना ‘देशांतर’ म्हणजे दुसऱ्या देशाचं अंतर असं समजून बसले होते. आजोबांनी संत्रं सोलून दाखवलं. फोडींच्या कडा म्हणजे रेखावृत्तं, सगळी वर एका ठिकाणी भेटतात. आडवं कापलं की अक्षवृत्तं, ती कधी भेटत नाहीत, लहान होत जातात. मग संत्रं आम्हीच खाल्लं.

दुसरी आठवण जुनी नाही, २०२४ च्या ऑगस्टमधली. विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या गल्लीत कोरडं आणि दोन गल्ल्या पलीकडे पहिला मजला पाण्यात. लोक म्हणत होते नशीब. मला शाळेतली विश्वामित्री दिसत होती. पावागढला उगम, शहरात नुसती वळणं वळणं, पुढे ढाढरला मिळून खंभातच्या आखातात. उतार इतका कमी की पाण्याला जायची घाई नाही. वळणाच्या आतल्या अंगाला जमीन सखल, तिथे बांधलेली घरं आधी बुडाली. सर फळ्यावर हेच काढायचे, तेव्हा ती नुसती पाच मार्कांची आकृती होती. तिथे माझ्या मैत्रिणीचं घर आहे. चिखल काढायला आठ दिवस जात होतो आम्ही.

जुनी पिशवी
मैत्रीण ठीक आहे ना आता?

मांडवीजवळची
हो. भिंतींना ओल आहे अजून. फ्रिज, गाद्या, सगळं गेलं. पण माणसं सुखरूप.

जुनी पिशवी
देवाची कृपा. @रामबागवाली, कागदावरचा तेलाचा डाग खडूच्या पुडीने निघतो थोडा. पूड पसरून वर जड पुस्तक ठेवायचं रात्रभर.

रामबागवाली
नको गं. आईच्या हाताचा डाग आहे तो.

निवृत्त मास्तर
एकतीस वर्षं भूगोल शिकवला, म्हणून थोडं लांबेल.

आमच्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाची एकच टोपोशीट (स्थलदर्शक नकाशा) होती, कपाटात कुलपात. इंदूर ४६ एन क्रमांकाच्या शीटमध्ये येतं. ग्वाल्हेर ५४ जे, बडोदे ४६ एफ. पहिल्या दिवशी मुलांना फक्त रंग वाचायला लावायचो. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) तपकिरी, शेती पिवळी, जंगल हिरवं, रस्ते आणि वस्ती लाल. पाणी निळं, पण कोरडा नाला काळा. मुलं विचारायची, सर, इतके नाले काळे का? सांगायचो, मे महिन्यात सायकल काढा आणि बघून या. दोघे-तिघे खरंच जायचे.

दरी आणि डोंगराची सोंड यांत भले भले चुकतात. दोन्हीकडे रेषा व्हीसारख्या वळतात. व्हीचं टोक चढाकडे असेल तर दरी, उताराकडे असेल तर सोंड. आकडे वाचल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही, नुसता आकार बघून तर मुळीच नाही.

आता खरी आठवण. शीट मोठी, म्हणून झेरॉक्स लहान करून वाटायचो. १:५०,०००, म्हणजे २ सेंटिमीटरला १ किलोमीटर. दोन गावांमधलं वळणावळणाचं अंतर दोऱ्याने मोजायला दिलं होतं. एक मुलगा, कधी तोंड न उघडणारा, उभा राहिला. सर, दोन उत्तरं येतायत. आकड्याने मोजलं तर कमी, खालच्या पट्टीवर दोरा ठेवला तर जास्त. बरोबर होतं त्याचं. झेरॉक्स लहान झाली तरी वर छापलेला आकडा तोच राहतो, पण रेषामापनी, म्हणजे खालची पट्टी, कागदाबरोबरच लहान होते. म्हणून पट्टीच खरी. इतकी वर्षं मी मुलांना लहान केलेल्या कागदावर आकड्याने मोजायला लावत होतो आणि त्यांची उत्तरं बरोबर म्हणून तपासत होतो. दुसऱ्या दिवसापासून बंद केलं. तो मुलगा परवा बाजारात भेटला, हार्डवेअरचं दुकान आहे त्याचं. पायाच पडू लागला. मी म्हटलं, अरे, उलट व्हायला पाहिजे.

माळवी माणूस
सर, दोरा! ओला करून मोजायचा ना? आम्ही जिभेवर ओला करायचो म्हणजे वळणावर चिकटून राहतो.

निवृत्त मास्तर
हो, आणि मग नदीची शाई जिभेला. निळ्या जिभांचा वर्ग असायचा आमचा.

लष्करवाली
रामबागवाली, तुमचा तांब्या आमच्याकडे पोचला हो! मी ग्वाल्हेरची. मुरैन्याच्या पुढे रेल्वेचा पूल आहे चंबळेवर, धौलपूरच्या आधी. आजोळ आग्र्याला, त्यामुळे हा रस्ता पाठ. अकरावीत टोपोशीटवर चंबळेचे बीहड पाहिले तेव्हा वाटलं छपाई बिघडलीय. सरळ जमिनीत एकदम बोटांसारख्या चिरा, चिरांना चिरा, कुठे संपतं कळेना. मॅडम म्हणाल्या, आजोळी जाताना खिडकीत बस. बसले. पुलाच्या दोन्ही बाजूंना तेच, बोटांना बोटं, मातीच्या भिंती, मध्ये बाभळी. मऊ गाळाची माती, आणि पावसाचं पाणी तिला कोरत मागे मागे शेतात सरकतं. दरवर्षी कुणाची तरी जमीन जाते त्यात. आमच्या भाऊबंदांची गेलीय. म्हणून ‘बीहड’ शब्दावर लोकांना फक्त डाकू आठवतात ते मला आवडत नाही.

आणि ती चंबळ निघते कुठून, तर तुमच्या महूजवळच्या जानापावहून! हे मला पन्नाशीत कळलं.

दोन लेकरांची आई
आले. मुलं झोपली. कर्कवृत्त.

इंदूर २२ अंश ४३ मिनिटांवर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. म्हणून आपल्या डोक्यावर सूर्य वर्षातून दोनदा येतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात आणि परत जुलैच्या पहिल्या आठवड्यात. जुलैत ढग असतात, म्हणून जून. आमच्या सरांनी सुट्टीत बोलावलं होतं, ज्यांना यायचं ते या. सात जणी गेलो. गच्चीवर बाटली उभी केली आणि बसलो. बारा वाजले, सावली आहेच. मी म्हटलं सर, चुकलं. सर म्हणाले थांब. १२ वाजून २५ मिनिटांच्या आसपास सावली बाटलीच्या बुडात शिरली आणि दिसेनाशी झाली.

मग समजावलं. घड्याळ भारताच्या प्रमाणवेळेचं, ८२ अंश ३० मिनिटांच्या रेखावृत्तावरचं, आपण ७५ अंश ५१ मिनिटांवर. एका अंशाला ४ मिनिटं. करा गुणाकार. साधारण साडेसव्वीस येतात, आणि एखाद मिनिटाचा फरक सूर्याच्या चालीमुळे. घड्याळ आणि सूर्य वेगळे चालतात हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पायांना चटके बसत होते, कोणी हललं नाही. धाकटीला या जूनमध्ये दाखवलं. तिने बाटलीऐवजी स्वतःच उभं राहून बघितलं.

खिडकीजवळची
सगळ्यांचं वाचलं. लिहू की नको असं दोन दिवस चाललं होतं.

आमच्या शाळेत दहावीला एक दिवसाची सहल होती, टोपोशीट घेऊन पातालपानी ते कालाकुंड. रेल्वेने उतरायचं, बोगदे मोजायचे, दरी नकाशात ओळखायची. मुलांना नेलं. आम्हा मुलींना नाही, जबाबदारी कोण घेणार म्हणून. आम्ही वर्गात बसून पर्जन्यमानाचा नकाशा भरला. मला वर्गात भूगोलात सगळ्यात जास्त मार्क होते. मुलं परत आल्यावर त्यांच्या वहीतून मी प्रवासवर्णन उतरवून घेतलं, कारण परीक्षेला होतं. न पाहिलेल्या दरीचं वर्णन लिहून मला १० पैकी ९ मिळाले. त्या नऊ मार्कांचा राग आजही येतो.

दोन वर्षांपूर्वी सुनेने हेरिटेज ट्रेनचं तिकीट काढलं. गाडी घाटात उतरायला लागली आणि उजवीकडे की डावीकडे आठवत नाही, दरी उघडली. मी मोठ्याने म्हटलं, टोक चढाकडे. सुनेला काही कळलं नाही. नंतर सांगितलं तिला सगळं.

मांडवीजवळची
काकू, वाचून घशात आवंढा आला. आमच्याकडेही असंच, फक्त पावागढ.

लष्करवाली
आम्हालाही किल्ल्यावर नेलं नव्हतं. घरातून दिसणारा किल्ला, त्याच्या समोच्च रेषा मी काढायची आणि चढायचा भावाने.

निवृत्त मास्तर
खिडकीजवळची ताई, आमच्या शाळेतही काही वर्षं हेच होत होतं. मी तेव्हा नवा होतो, गप्प राहिलो. माफी मागतो तुमची.

खिडकीजवळची
सर, तुम्ही कशाला. पण बरं वाटलं वाचून.

रामबागवाली
काकू, पावसाळा संपला की जानापावला जाऊ या का? ८५४ मीटर, गाडी बरीच वरपर्यंत जाते. टोपोशीट हातात घेऊन. मास्तर, तुम्ही आलात तर सोन्याहून पिवळं.

निवृत्त मास्तर
गुडघ्यांना विचारून सांगतो. नकाशा मी आणतो, पूर्ण आकाराचा.

माळवी माणूस
पोहे माझ्याकडे. शेव पण.

खिडकीजवळची
मी नक्की. आणि मला पुढे बसवा, खिडकीशी.

नवी मुंबईहून इंदूर
नमस्कार, वरचं सगळं वाचायला वेळ नाही झाला, सॉरी. भारताचा साचा इंदुरात कुठे मिळेल? मुलीला उद्या शाळेत हवाय.

माळवी माणूस
खजूरी बाजार, पुस्तकांच्या दुकानांत. पैसे द्यायच्या आधी कच्छचं टोक बघून घ्या.