सेकंडहँड रेग्युलेटर म्हणजे वापरलेला पॅराशूट?

वीस_मीटर (धागाकर्ता)

काल स्कुबा डाइव्हिंगच्या सामानखरेदीच्या धाग्यावर एकाने लिहिलं: "सेकंडहँड रेग्युलेटर घेणं म्हणजे दुसऱ्याने वापरलेला पॅराशूट पाठीला बांधून उडी मारणं. नवा परवडत नसेल त्याने स्नॉर्कलिंग करावं." तिथेच उत्तर लिहायला बसलो होतो, लांबलं म्हणून वेगळा धागा.

पॅराशूट आणि त्याचा राखीवही उघडला नाही तर माणूस संपला. टाकीतली हवा तोंडापर्यंत आणणाऱ्या रेग्युलेटरचं तसं नाही. टाकीला बसते ती फर्स्ट स्टेज, ती दाब कमी करते; तिथून होज म्हणजे नळी; तोंडात धरतो ती सेकंड स्टेज. सेकंड स्टेजची झडप अशी बसवलेली असते की फर्स्ट स्टेजची सीट (हवा अडवणारी आतली गादी) गळून होजमधला दाब वाढला तर तो दाबच झडप ढकलून उघडतो. हवा बंद पडत नाही, धो धो वाहायला लागते. ओपन वॉटर कोर्समध्ये वाहत्या रेग्युलेटरवर श्वास घ्यायला शिकवतात ते याचसाठी. शिवाय ऑक्टोपस, म्हणजे जादाची सेकंड स्टेज असते, सोबत उतरलेला बडी असतो.

मी २०१८ मध्ये पुण्यात एकाकडून स्क्युबाप्रो कंपनीचा एमके२ रेग्युलेटर घेतला. सेकंड स्टेज, ऑक्टोपस, गेज धरून १६,०००. त्या माणसाने कोर्स केला, अंदमानात सहा डाइव्ह मारले, मग घरात बाळ आलं आणि पिशवी माळ्यावर गेली. मी पाण्यात नेण्याआधी सर्व्हिसला दिला. किट (सर्व्हिसला बदलायच्या सुट्या भागांचा संच), मजुरी आणि दोन नवे होज मिळून १५,०००. एकूण ३१,०००. तसाच नवा सेट तेव्हा मला ४६,००० सांगितला होता. एमके२ मध्ये हलणारा भाग एकच, पिस्टन. बॅलन्स्ड नाही, त्यामुळे टाकी ५० बारवर, म्हणजे संपत आली की श्वास जरा जड होतो, हे कबूल. पण तारकर्ली, ग्रँड आयलंड, नेत्राणी असे आपल्या किनाऱ्यावरचे डाइव्ह करणाऱ्याला तो पुरून उरतो. १४० डाइव्ह झाले.

माझं म्हणणं एवढंच: जुना घ्या, पण पहिल्या सर्व्हिसचे पैसे विकत घेण्याच्या दिवशीच बाजूला काढा. ते जमत नसेल तर तो सौदा आपला नाही. आणि पैसे कमी आहेत म्हणून कुणाला समुद्राच्या वरच्या वर तरंगायला सांगू नका. मी पगारातून दोन वर्षं साठवून कोर्स केला होता.

खोलपाणी

ते वाक्य माझं आहे आणि पहिला अर्धा भाग मी मागे घेणार नाही.

नेत्राणी, १६ मीटर. सेकंडहँड रेग्युलेटर, विकणारा म्हणाला "नुकताच सर्व्हिस केलाय". प्रत्येक श्वासाबरोबर चमचाभर खारं पाणी घशात. खोकला आवरत पर्ज (हवा सोडून पाणी बाहेर काढायचं बटण) दाबतोय, पुन्हा तेच. तुमची झडप उघडीच राहते हो, हवा येतच होती, पण हवेबरोबर पाणीही येत होतं त्याचं काय? ऑक्टोपसवर गेलो आणि वर आलो. बोटीवर सेकंड स्टेजचं झाकण उघडलं तर डायफ्रामची, म्हणजे आतल्या रबरी पडद्याची कड एका बाजूने खाचेतून निसटून दुमडलेली. ज्याने "सर्व्हिस" केली त्याने नीट बसवलंच नव्हतं. म्हणजे प्रश्न यंत्राचा नाही, ते कुणाच्या हातून आलंय हे आपल्याला कधीच कळत नाही, याचा आहे.

आणि हिशेब अर्धाच सांगितलात. १४० डाइव्हमध्ये पुढच्या सर्व्हिस किती झाल्या?

वीस_मीटर

दोन. प्रत्येकी ११,०००.

खोलपाणी

म्हणजे ५३,००० गेले. ४६,००० चा नवा मिळत होता!

वीस_मीटर

नव्याला सर्व्हिस लागत नाही का? ४६ अधिक २२, ६८ झाले. माझे १५,००० वाचले. आणि तुमचा दुमडलेला डायफ्राम घरी सोफ्यावर बसून सापडला असता. टाकी न लावता फर्स्ट स्टेजच्या तोंडावरची डस्ट कॅप घट्ट करायची, माउथपीस तोंडात धरून ओढायचं. हवा अजिबात आत यायला नको. आली तर कुठेतरी भोक आहे, नाहीतर काहीतरी नीट बसलेलं नाही. दहा सेकंदांचं काम. तुम्ही ते केलं होतं का?

खोलपाणी

नव्हतं केलं. पण ते माहीत नसलेलेच लोक सेकंडहँड घ्यायला जातात, हेच तर म्हणतोय. शिवाय काही कंपन्या पहिल्या मालकाला सुटे भाग मोफत देतात, नियमित सर्व्हिस केली तर. दुसऱ्या मालकाला तो हक्क मिळत नाही. तो फरक धरा की १५,००० मध्ये.

मस्कतकर

इथे दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी नोकरी सोडून भारतात परततो आणि सामान विकतो. मी तीन सेट असे घेतलेत, डेमानियात बेटांवर वापरतो. मेटल बघून खूश होऊ नका. रबर बघा. इथली माणसं पिशवी गाडीच्या डिकीत ठेवतात, जुलैत डिकीत हात घालवत नाही. ओ-रिंगा, म्हणजे सांधे बंद करणारी रबरी कडी, तिथेच मरतात.

दुसरं, विणलेले रंगीत होज. रबरी होज बाहेरून भेगाळतो, दिसतो तरी. विणलेल्याच्या आतली नळी काही वेळा आतल्या आत स्फटिक बनून भुगा होते आणि हवेची वाट अडवते. डॅनने (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, डाइव्हिंगच्या सुरक्षेची संस्था) याबद्दल इशारा दिलेला आहे. खोलपाणी बरोबर आहेत असं नाही, पण "रेग्युलेटर कधी बंद पडतच नाही" हेही खरं नाही. जुन्या सेटवर असे होज असतील तर आधी ते फेका.

वीस_मीटर

होजचं मान्य. मी रबरीच लावले, पण ते स्वस्त म्हणून. हे कारण माहीत नव्हतं.

हिशेबी

एक साधा प्रश्न. दिवसाला दोन धरले तर १४० डाइव्ह म्हणजे ७० दिवस. सेंटरवर सामान डाइव्हच्या भावातच येतं. स्वतःचं नेलं तर मला एका ठिकाणी दिवसाला ३०० रुपये सूट मिळाली, म्हणजे ७० दिवसांचे २१,०००. तुम्ही ५३,००० घातलेत. मग विकत घेताच कशाला?

निळाई

कारण भाड्याचा रेग्युलेटर कुणाच्या तोंडातून आलाय हे माहीत नसतं! आपल्याच किनाऱ्यावर, ठिकाण सांगत नाही, मला दिला त्याच्या माउथपीसच्या दोन्ही कण्या चावून तुटलेल्या. दातात धरायला काही नाही, सगळा वेळ ओठांनी आवळून धरला. जबडा दोन दिवस दुखला. आणि गेज टाकीला लावायच्या आधीच २० बार दाखवत होता. म्हणजे वर येताना ५० वाचाल तेव्हा खरे असतील ३०. मी दाखवलं तर तो पोरगा म्हणाला, "मॅडम, ते तसंच आहे." पर्यटकांना वीस मिनिटं पाण्यात बुडवून फोटो काढायचे, बाकी कशाशी देणंघेणं नाही. त्यापेक्षा माळ्यावरचा जुना शंभर पटीने बरा.

खारं_वारं

मी मालवणचा. अकरा वर्षं बोटीवर आहे. गेजचं तुम्ही सांगितलंत ते चूकच, असा गेज मी समुद्रात टाकीन पण गिऱ्हाइकाला देणार नाही. पण एका पोरावरून सगळा किनारा धुऊ नका.

मे महिन्यात एक सेकंड स्टेज दिवसाला बारा-पंधरा लोकांच्या तोंडात जाते. त्यातल्या निम्म्यांना पोहता येत नाही. भीतीने जबडा आवळतात, कण्या तिथेच तुटतात. आम्ही माउथपीसचा पुडाच बोटीवर ठेवतो. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यात बुडवून ठेवायचं म्हटलं तर मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो, घरच्यांच्या अंघोळीच्या पाण्यातून ड्रम भरतो. डाइव्हरांचे सेट वेगळे, त्यांना पर्यटकांचे देत नाही. आणि पावसाळ्यात बोटी वर ओढल्या की एकेक फर्स्ट स्टेज उघडून, साफ करून, नवं किट घालून ठेवतो. नारळी पौर्णिमेच्या आत सगळे तयार. तुमच्या माळ्यावरचा जुना कितीदा उघडला जातो? आमका शिकवू नकात.

निळाई

तुम्ही करता ते चांगलंच. पण मला तो अनुभव आला तो खोटा नाही. आणि तुमचा सेट आहे हे मला बोटीवर चढण्याआधी कसं कळणार? कुठल्याही रेग्युलेटरवर सर्व्हिसची तारीख लिहिलेली नसते.

खारं_वारं

आमच्या होजवर चिकटपट्टीवर महिना-वर्ष असतं. सगळ्यांनी लावायला हवं, हे मात्र बरोबर बोललात. आणखी एक सांगतो, सेंटरचे जुने सेट विक्रीला निघाले तर घेऊ नका. लाखो श्वास गेलेले असतात. आम्ही स्वतः विकत नाही, सुट्या भागांना ठेवतो.

हिशेबी

मी पैशांचं विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून आलं नाही.

वीस_मीटर

पैशांत ते परवडत नाही. झालं समाधान? मी १५,००० वाचवले ते नव्याच्या तुलनेत. भाड्याच्या तुलनेत मी महाग पडलो. तरी घेतला, कारण त्याचा दाब मी स्वतः बघतो. स्टँडबाय दाब, म्हणजे फर्स्ट स्टेजमधून होजमध्ये येणारा दाब मोजायचा छोटा गेज मिळतो, बीसीडीच्या (तरंगायच्या जॅकेटच्या) होजला लागतो. टाकी उघडायची, माझ्या सेटला काटा साधारण साडेनऊ बारला थांबला पाहिजे. दोन-चारदा पर्ज दाबून पुन्हा बघायचं. गेल्या डिसेंबरात माझा काटा साडेनऊवर थांबला आणि मग मुंगीच्या पावलाने चढायला लागला. पाच मिनिटांत अकरा. पाण्यात काहीही जाणवलं नव्हतं. सीट उघडली तर तिच्यावर केसाएवढी चीर. भाड्याच्या सेटवर हे मला कोण दाखवणार?

खोलपाणी

हा गेज घेऊन सौद्याला गेलात तर माझं म्हणणं निम्मं पडतं. निम्मंच. पॅराशूट म्हणालो ते जास्त झालं. स्नॉर्कलिंगचं वाक्य मी लिहायला नको होतं.

नवखी

सगळं वाचलं. मला मुंबईत १२,००० ला एक मिळतोय. युरोपातून आणलेला, डिन जोड (टाकीच्या झडपेत आटे फिरवून बसणारा) आहे. २०१५ ला सर्व्हिस. फर्स्ट स्टेजच्या तोंडातला तो बारीक जाळीचा फिल्टर हिरवट दिसतोय, बाकी चकाचक. विक्रेता म्हणतो त्या मॉडेलचे किट आता येत नाहीत, पण "लागणारच नाहीत".

वीस_मीटर

नका घेऊ. फिल्टर हिरवा म्हणजे खारं पाणी आत गेलेलं आहे. डस्ट कॅप न लावता धुतला असेल, किंवा दाब नसताना पाण्यात पर्ज दाबलं असेल. आतली पितळेची धार खाल्ली गेली असेल तर किट घालूनही बसत नाही, आणि इथे तर किटच नाही.

खोलपाणी

नका घेऊ. आपल्याकडे बहुतेक टाक्यांना योक (झडपेभोवती आवळायचा जोड) लागतो, त्याचा खर्च वेगळाच.

खारं_वारं

ताई, फुकट दिला तरी नको. पुढचा कुठला बघितलात तर फिल्टरचा फोटो आधी मागवा, आणि सप्टेंबरात इकडे येत असाल तर घेऊन या. गेज माझ्याकडे आहे, टाकीही आहे.