सोरायसिसचं मलम, वाकळ आणि बंब: काय जपावं?

खानापूरची सून: मामंजींना सोरायसिस आहे. व्हाइट सॉफ्ट पॅराफिनचं, म्हणजे व्हॅसलिनसारखं, मलम दिवसातून तीनदा अंगभर लावायचं आहे. थंडीत ते बंबापुढे बसतात, बिडीही सुटत नाही. या मलमानं कपडे पेटतात म्हणे. पॅराफिन नसलेलं आणलं तर चालेल का?

निपाणीकर: ताई, मलम बदलून धोका जात नाही. डबीतलं मलम काडी लावली तरी सहजी पेटत नाही. तेच रोज थोडंथोडं धोतरात, उशीच्या अभ्र्यात मुरलं की कापडाची वात होते. ठिणगी पडली की भडका उडतो, विझवायला वेळ मिळत नाही. पॅराफिन नसलेल्या मलमांनाही हे लागू आहे, असं ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं डिसेंबर २०१८ मध्ये जाहीर केलं. खोबरेल मुरलेलं कापडही तसंच. मलम मात्र बंद करू नका, त्वचा भेगाळेल. बंब पेटवायचं काम दुसऱ्यानं करावं, आंघोळीचं पाणी बादलीनं आणून द्यावं. देवापुढचा दिवा लावतानाही बाही जपा.

खानापूरची सून: रोज कपडे धुतले तर?

टिळकवाडी: धुवाच, पण त्यावर विसंबू नका. गरम पाणी आणि साबणानं चिकटा कमी होतो, पूर्ण निघत नाही. कापड स्वच्छ दिसतं, तरी आत अंश राहतो. वाकळ तर रोज धुणं होत नाही, म्हणून तिच्यावर सुती चादर घाला आणि ती रोज बदला. खुर्चीवरच्या टॉवेलचंही तेच. मलमाचे जुने कपडे वेगळे ठेवा, चुलीपाशी फडकं म्हणून वापरू नका. बिडी सुटत नसेल तर निदान अंथरुणात आणि मलम लावलेल्या कपड्यांत ओढू देऊ नका. काडेपेटी त्यांच्या उशाशी नको.

निपाणीकर: कपड्यानं पेट घेतलाच तर पळू द्यायचं नाही, जमिनीवर आडवं करून लोळवायचं. हाताशी मलमाची वाकळ असली तरी ती टाकू नका, घोंगडं टाका. लोकर सहजी पेटत नाही. विझल्यावर भाजल्या जागी नळाचं साधं पाणी २० मिनिटं सोडा. अंगठी, कडं लगेच काढा, सूज आली की निघत नाही. कातडीला चिकटलेलं कापड ओढू नका. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावायचं नाही. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ ला फोन करावा.