शुक्रवार रात्रीचं शाळेचं फुटबॉल: गावाचा जीव की पोरांच्या जिवाशी खेळ?

ओहायोकर:
अमेरिकन फुटबॉलचा विषय निघाला की सगळे एनएफएल या व्यावसायिक लीगवर बोलतात. मला आठवतं ते मॅसिलॉन. ओहायोतलं जेमतेम तीस हजार वस्तीचं, पोलाद कारखान्यांवर वाढलेलं गाव. आम्ही तिथं बरीच वर्षं काढली. शाळेच्या संघासाठी सोळा हजार माणसं बसतील एवढं स्टेडियम. हॉस्पिटलात मुलगा जन्मला की त्याला छोटा फुटबॉल भेट द्यायची प्रथा. शेजारच्या कँटनच्या मॅकिन्ली हायस्कूलशी खुन्नस १८९४पासूनची. क्लीव्हलँड ब्राऊन्स या व्यावसायिक संघाचा पहिला कोच पॉल ब्राऊन याच शाळेत शिकला आणि १९३२ ते १९४० इथंच कोच होता. कारखाने आटले, तरी सामन्याच्या दिवशी गाव नारिंगी-काळ्या कपड्यांत हजर. २०२३ला होबन या शाळेला ७-२ हरवून प्लेऑफ (बाद फेरी) सुरू झाल्यानंतरचं पहिलं राज्य विजेतेपद मिळालं, तेव्हा कारखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या शेजाऱ्याला फोनवर बोलताच येईना. शाळकरी खेळाला एवढं डोक्यावर घेऊ नये म्हणतात, पण त्या गावाला असं एकत्र आणणारं दुसरं काही मी पाहिलं नाही.

मीरा_प:
गावाला एकत्र आणायची जबाबदारी सोळा वर्षांच्या पोरांच्या डोक्यावर का? बोस्टन विद्यापीठाच्या २०१७च्या अभ्यासात मृत खेळाडूंचे मेंदू तपासले. एनएफएलच्या १११पैकी ११० जणांत सीटीई हा मेंदूचा आजार दिसला, कॉलेजपर्यंत खेळलेल्या ५३पैकी ४८ जणांत आणि फक्त हायस्कूलपर्यंत खेळलेल्या १४पैकी ३ जणांत. त्यासाठी एकच मोठा फटका बसावा लागतो असं नाही. सरावातल्या बारीकसारीक धडकाही साठत जातात.

शनिवारची_मॅच:
तो अभ्यास वाचलाय. ते मेंदू दान केलेले होते, आणि त्रास दिसलेली कुटुंबंच दानाला जास्त पुढे येतात. ही मर्यादा अभ्यासकांनी स्वतःच मांडली आहे. त्यावरून प्रत्येक पोराचा धोका काढता येत नाही. मी मॅसिलॉनजवळच, अलायन्सच्या माउंट युनियन कॉलेजात शिकलो. कॉलेज खेळांतला डिव्हिजन ३ गट, म्हणजे खेळासाठी एका डॉलरचीही शिष्यवृत्ती नाही. तरी १९९३ ते २०१७ दरम्यान १३ राष्ट्रीय विजेतेपदं! माझ्या लॅब पार्टनरच्या बोटांना कायम चिकटपट्टी असायची. सोमवारी टायट्रेशनला ब्युरेटचा कॉक त्याला फिरवता यायचा नाही, मी फिरवायचो. त्याला कुणी ओढून मैदानावर नेलं नव्हतं.

मीरा_प:
तुमचा मित्र सज्ञान होता, हायस्कूलचा पोरगा नसतो. ओहायोत २०१३पासून कायदा आहे: कन्कशनची (डोक्याला धक्का बसून मेंदूला होणाऱ्या इजेची) लक्षणं दिसली की त्या दिवशी परत मैदानात नाही, आणि लेखी वैद्यकीय परवानगीशिवाय पुढेही नाही. पण लक्षण सांगायचं कुणी? माझ्या भाच्यानं मोठ्या सामन्याआधी डोकेदुखी लपवली. जेवताना दिव्याकडे पाठ करून बसायला लागला तेव्हा ताईच्या लक्षात आलं. मला म्हणाला, "मावशी, सगळं गाव येणारे."

ओहायोकर:
मीराताई, हे पटतं. बाहेर बसवायचा निर्णय कोचच्या हातात नकोच, शाळेच्या पगारावर नसलेल्या माणसाकडे द्या. संघासाठी पैसा उभा करणाऱ्या बूस्टर क्लबनं आधी त्यासाठी पैसा काढावा. चौदा वर्षांच्या आत टॅकल (अंगावर धडकून पाडणं) बंद करून पोरांना फ्लॅग फुटबॉल, म्हणजे पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायचा खेळ, खेळवला तरी चालेल. पण मॅकिन्लीचा सामनाच नको, हे मला मान्य नाही.

मीरा_प:
सामना नको म्हणतच नाही मी. चौदाऐवजी सोळा करा.

शनिवारची_मॅच:
सोळा केलंत तर धडक घ्यायची कशी, डोकं बाजूला ठेवून खांदा कसा लावायचा, हे पोरं शिकणार कधी? एका हंगामात शिकून मॅकिन्लीसमोर उभं राहायचं, त्यात इजा जास्तच होतील.